‘लाजाळू’ खोडा, ‘भित्री’ लिहा

भागूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा फक्त एक पांढरा पंजा दिसला. पुण्याबाहेर, हायवे सोडून कच्च्या रस्त्याने आत गेलं की प्राण्यांचा एक निवारा आहे. मांजरांसाठी तिथे वेगळी खोली आहे. वर पत्रा, दोन बाजूंना जाळी. पाडव्याचा आठवडा होता, अकरा वाजताच पत्रा तापला होता आणि शेजारच्या आवारात साठ-सत्तर कुत्री एकाला एक भुंकत होती. खोलीतली मांजरं पायांत घोटाळत होती. एक बोका माझ्या पर्सच्या बंदाला लोंबकळला. कोपऱ्यात जुन्या कूलरचा सांगाडा पडला होता आणि त्याच्याखाली तो पंजा होता. मी खाली वाकले तसा तो आत ओढला गेला.

“ती आमची भागूबाई,” तिथे काम करणारी ताई म्हणाली. “भित्री भागूबाई. चार महिने झाले, दिवसा बाहेर आलेली कोणी बघितली नाही. रात्री सगळं निजलं की जेवते.”

दिवाळीनंतर एका बांधकामाच्या साइटवरून तिला आणि तिच्या भावाला उचलून आणलं होतं. तेव्हा दोघं साधारण तीन महिन्यांची होती. भाऊ केशरी होता, अंगावर चढणारा, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याला घर मिळालं. भागू मागे राहिली. रविवारी लोक मांजर पाहायला येतात, अर्धा तास बसतात आणि जे मांडीवर येईल ते घेऊन जातात. त्यांची काही चूक नाही. पण लपून बसलेल्या मांजराला या रीतीने कधीच घर मिळत नाही. दर महिन्याला ते आणखी मोठं होतं, आणि पिल्लू नसलेल्या, अंगालाही न येणाऱ्या मांजराकडे कोण बघतं? मला त्या पंजाने घरी झोप लागू दिली नाही. पुढच्या रविवारी मी पिंजरा घेऊनच गेले. घर मिळेपर्यंत सांभाळते म्हणून कागदावर सही केली आणि तिला नारायण पेठेत आणलं.

भित्रं मांजर म्हणजे मारलेलं, छळलेलं मांजर असा बहुतेकांचा समज असतो. कधी तसं असतंही. पण पुष्कळदा कारण साधं असतं. पिल्लाच्या आयुष्यात माणसाची ओळख व्हायची एक मुदत असते. अमेरिकेत टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी 1980 च्या दशकात पिल्लांवर बरंच काम केलं आणि ही मुदत साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतची असल्याचं दाखवलं. त्या दिवसांत ज्यांना माणसाचे हात लागतात, ती पिल्लं पुढे माणसाला आपलं मानतात. भागूचे ते आठवडे सिमेंटच्या गोण्यांमागे गेले. शिवाय बापाचाही वाटा असतो. सँड्रा मॅक्यून यांच्या 1995 सालच्या अभ्यासात, धीट बोक्याची पिल्लं बापाला कधी न पाहताही जास्त धीट निघाली. अर्थात भागूचा भाऊ त्याच आईच्या पोटचा, त्याच गोण्यांमागचा, तरी धीट. पण मांजरीच्या एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. हे कळल्यावर मला तिच्याबद्दल जी कीव वाटत होती ती गेली. ती बिघडलेली नव्हती. तिला माणूस ही गोष्ट शिकायला उशीर झाला होता, एवढंच.

माझं घर दोन खोल्यांचं. आतली खोली कामाची. मी मुद्रितशोधक आहे. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची प्रुफं तीस वर्षं वाचते आहे. त्या खोलीत टेबलाखाली मी एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, त्याला दोन बाजूंनी भोकं पाडली आणि वरून माझी जुनी सुती साडी टाकली. लपायला जागा दिली तर ती कायमची लपूनच बसेल, असं मला दोघी-तिघींनी सांगितलं. होतं उलटं. नेदरलँडमधल्या एका निवाऱ्यात उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. 2014 साली तो अभ्यास छापून आला. खोकं मिळालेली मांजरं तीन-चार दिवसांतच इतरांपेक्षा शांत झाली होती. ज्याला पळून जायला जागा आहे, त्याला बाहेर डोकावायचं धाडस होतं.

पहिले दोन दिवस ती काही खाईना. त्याची मला खरी धास्ती होती, कारण मांजराचा उपास माणसासारखा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते आणि जिवावर बेततं. डॉक्टरांशी बोलून मी उकडलेल्या चिकनचं नुसतं पाणी, बिनमिठाचं, कोमट करून खोक्याच्या तोंडाशी ठेवलं आणि दिवा मालवून बाहेर गेले. पहाटे वाटी चाटून पुसून ठेवल्यासारखी होती. मी ती वाटी हातात घेऊन किती तरी वेळ ओट्याशी उभी होते.

त्यानंतर मी तिच्यासाठी वेगळं असं काही केलं नाही. माझं काम तिच्या शेजारी बसून केलं. तेव्हा उसाच्या पाणीव्यवस्थापनावरच्या चारशे पानांच्या पुस्तकाची प्रुफं माझ्याकडे होती. मी प्रुफं मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट. “ठिबक सिंचनामुळे स्वल्पविराम पाण्याची बचत होते पूर्णविराम.” एका पट्टीतला, चढउतार नसलेला आवाज. मी जमिनीवर बसायचे, खोक्याकडे पाठ करून. मांजराकडे टक लावून बघणं हे त्याच्या भाषेत दम देणं असतं. म्हणून कधी नजरानजर झालीच तर मी डोळे अर्धवट मिटायचे, सावकाश उघडायचे आणि मान वळवायचे. मांजरं पाळणाऱ्यांना हे ठाऊक होतंच. 2020 साली इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ते प्रयोगाने दाखवलं. अनोळखी माणसाने अशी सावकाश पापणी मिटली, तर मांजर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे येण्याची शक्यता वाढते.

प्रुफांच्या कडेला मी पेन्सिलीने तारखा घालत गेले. अकराव्या दिवशी ती माझ्या देखत जेवली. सोळाव्या दिवशी लाकडी चमच्याच्या टोकावरचा चिकनचा तुकडा तिने घेतला. मग मी रोज चमचा थोडा थोडा आखूड धरत गेले. तेविसाव्या दिवशी चमचा नव्हताच, माझं बोट होतं. तिची जीभ लागली, खरबरीत, कानशीसारखी. मी बोट हलवलं नाही. ती थबकली, नाक फेंदारून वास घेतला, पुन्हा एकदा चाटलं आणि मग डाव्या गालाची कड माझ्या नखाला घासून झटकन आत गेली. मांजराच्या गालाशी गंधग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास लावून ठेवतं. त्या दिवशी माझं एक बोट तिच्या खात्यावर जमा झालं.

ज्येष्ठ लागला तोवर ती मी वाचत असताना हातभर अंतरावर येऊन बसू लागली. तिची नसबंदी निवाऱ्यातच झाली होती. नाकाडोळ्यांच्या आणि आतड्याच्या साथींवरची लस आणि रेबीजची लसही झाली होती. घर शोधायची घाई करण्याचं आणखी एक कारण होतं. आषाढात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. गणपतीत आमच्या गल्लीतून आवाज कसा घुमतो ते नारायण पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको. मला गणपतीचे दिवस फार प्रिय आहेत. पण भागूने ते आमच्या घरात काढू नयेत, असं मला मनापासून वाटत होतं.

म्हणून मी जाहिरात लिहिली. चार ओळी आणि एक फोटो. आणि त्यात एक शब्द चुकवला.

मी लिहिलं, “गोड, थोडी लाजाळू मांजरी. प्रेमळ घर हवं.” दोन दिवस फोन थांबेनात. त्यातून मी वाकडच्या एका कुटुंबाला पसंत केलं. आई-वडील, आठ आणि पाच वर्षांच्या दोन मुली, आजी. माणसं सज्जन होती, घर स्वच्छ होतं, बाल्कनीला जाळी होती. मुलींनी तिच्यासाठी लोकरीचा गोंडा करून ठेवला होता. चौथ्या दिवशी वडिलांचा फोन आला. भागू पहिल्या रात्री फ्रिजच्या मागे शिरली ती तिथेच होती. मुली दिवसभर तिला हाका मारत होत्या, धाकटी जमिनीवर झोपून हात आत घालत होती. शेवटी फ्रिज सरकवला तेव्हा ती आजींच्या हाताला ओरखडून पडद्यावर चढली. “ताई, तुम्ही लाजाळू म्हणाला होता,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मुली मागे रडत होत्या.

मी रिक्षाने जाऊन तिला घेऊन आले. आजींच्या हातावरचा ओरखडा चांगला लांब होता. मांजराने ओरखडलं की साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, लस झालेलं मांजर असलं तरी. ते त्यांनी केलं होतं. घरी आल्यावर भागू खोक्यात गेली आणि सहा दिवस बाहेर आली नाही. माझी सगळी पेन्सिलीची टिपणं शून्यावर आली.

आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, आणि हा शब्द माझ्या हातून निसटला. लाजाळूच्या झाडाला बोट लावलं की पानं मिटतात आणि थोड्या वेळाने आपली आपण उघडतात. ‘लाजाळू’ वाचणाऱ्याला वाटतं, हिचंही तसंच असेल, जरा बोट लावत राहू. मुलींनी नेमकं तेच केलं. भीतीचा रस्ता निराळा आहे. भ्यालेल्या जिवाला जितकं पुढे होऊन हात लावाल तितका तो आणखी मागे जातो. मी खरा शब्द लिहिला असता तर त्या कुटुंबाने फोनच केला नसता, आणि तेच सगळ्यांच्या भल्याचं झालं असतं.

त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतल्या एकांनी सुचवलं, “मंडईत सोडा की. मासळीवाल्यांकडे जगेल.” लोक हे सहज बोलतात. पाळलेला प्राणी उपासमारीने त्याचे हाल होतील अशा स्थितीत टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितलं. भागूसारख्या मांजरीला मंडईत सोडणं म्हणजे काय, हे मात्र मला सांगता आलं नाही. माझा गळा भरून आला होता.

आषाढात मी जाहिरात पुन्हा लिहिली. ती अशी होती:

“करडी, पट्ट्यांची मांजरी. वय दहा-अकरा महिने. चारही पंजे पांढरे. नसबंदी झालेली, लसी पूर्ण. भित्री आहे. पाहुणे आले की दिसत नाही. उचलून घेतलेलं तिला चालत नाही, पुढेही चालेलच असं नाही. ओळख झालेल्या माणसाजवळ हातभर अंतरावर बसते. शांत घर हवं. घरात लहान मुलं नकोत. दुसरं मवाळ मांजर असेल तर बरं. आधी मी तुमच्याकडे येईन.”

निवाऱ्यातली ताई म्हणाली, “अशी जाहिरात वाचून कोण येणार?” दोन आठवड्यांत तीन फोन आले. एकाला गोदामात उंदरांसाठी मांजर हवं होतं. एक मुलगी होस्टेलवर राहणारी होती. जीव लावणारी होती, पण दोन वर्षांनी कुठे असेल ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. तिसरा फोन तळेगाव दाभाड्याहून आला. बाई म्हणाल्या, “आमचे हे घड्याळजी आहेत. घरीच काम करतात. आम्ही दोघंच असतो, आणि एक म्हातारा बोका आहे. मांजरीला बघायला आम्ही नाही येत, तिला उगाच त्रास. तुम्हीच या.”

तिला उगाच त्रास. त्या एका वाक्यावर मी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली.

घर पहिल्या मजल्यावर, गल्लीच्या मागच्या अंगाला. खिडकीशी काकांचं टेबल, त्यावर पांढरं फडकं, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग. काका माझ्याशी बोलले, पण त्यांचे हात हललेच नाहीत. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस हातवारे करत नसावा. अकरा वर्षांचा काळू बोका टेबलाच्या पायाशी पसरला होता. मी आले तरी त्याने फक्त एक कान हलवला. मनाशी म्हटलं, हेच ते. भित्र्या मांजराला माणसापेक्षा आधी मांजर शिकवतं. घरातला जुना, निवांत बोका माणसाच्या पायाशी झोपतो हे पाहून नवं मांजर धडा घेतं.

भिंतीवर दुरुस्तीला आलेली सात-आठ घड्याळं होती आणि बाराला ती एकामागून एक वाजली. मी दचकले. काकू म्हणाल्या, “हिला जमेल का हो हे?” मला वाटलं, जमेल. मांजर आवाजाला जेवढं घाबरतं त्याहून जास्त अवचितपणाला घाबरतं. तासातासाला येणारा ठोका चार दिवसांत घराचा भाग होतो. दाराची अनोळखी बेल होत नाही.

दोन गोष्टींवर मी अडून बसले. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी होती. मांजर ती कुरतडून भोक पाडतं. काकांनी आठवड्यात तिथे स्टीलची जाळी मारून घेतली आणि मला फोटो पाठवला. दुसरी गोष्ट जेवणाची. घर शाकाहारी. दूध-पोळीवर वाढलेली मांजरं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण त्यांचं खरं जेवण बाहेर उंदीर-पाखरांवर होत असतं. घरात कोंडलेल्या मांजराला ते मिळत नाही. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते त्याला स्वतःला पुरेसं बनवता येत नाही आणि मिळतं मांसातूनच. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमकुवत होतं. हृदयाचा हा संबंध 1987 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी उलगडला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातलं टॉरिन वाढवलं गेलं. मी हे सगळं सांगितलं. काकूंनी ओट्याखालचा डबा उघडून दाखवला. काळूचं खाद्य, त्याची वेगळी ताटली, वेगळा चमचा. “त्याचा धर्म त्याच्यापाशी,” त्या म्हणाल्या.

निघायच्या आधी तीन आठवडे मी पिंजरा भागूच्या खोलीत उघडाच ठेवला होता आणि तिचं जेवण त्यातच देत होते. त्यामुळे जायच्या दिवशी झटापट झाली नाही. ती जेवायला आत गेली, मी दार लावलं, वरून साडी टाकली. ती साडी मुद्दाम धुतली नव्हती. सोबत तिच्या जुन्या ट्रेमधली दोन मुठी रेती घेतली. नव्या जागी स्वतःचा वास आधी पोचलेला असला की मांजराला तिथे पाय ठेवायला आधार मिळतो.

काकांनी तिला आतली छोटी खोली दिली होती. दार बंद, खोकं आडवं. काळू बाहेर. आठ दिवस दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही. काकू रोज एकाचं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणावर टाकायच्या. मग दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी ताटल्या, आधी लांब, मग जवळ. त्यानंतर दार चार बोटं उघडं. मांजरं सांभाळणाऱ्यांत एक ठोकताळा आहे, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवसांत नुसती भीती ओसरते, तीन आठवड्यांत दिवसाची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. भागूसारखीला प्रत्येक आकडा थोडा ताणून धरावा लागतो, हे मी त्यांना आधीच बजावलं होतं.

काकू रोज रात्री एका ओळीचा निरोप पाठवायच्या. “आज खाल्लं.” “आज खोक्याबाहेर शेपूट.” “काळूच्या ताटलीत तोंड घातलं, त्याने घालू दिलं.” एके दिवशी काहीच आलं नाही. मी रात्री साडेदहाला फोन केला. गणपतीच्या मिरवणुकीचा आवाज माझ्या खिडकीतून येत होता, मला नीट ऐकू येईना. काकू कुजबुजत बोलत होत्या. यांच्या टेबलाखाली येऊन बसली आहे, म्हणाल्या. मी हलले तर जाईल म्हणून मोबाईल घ्यायलाही उठले नव्हते.

जानेवारीत मी तळेगावला गेले. काकूंनी तिळाची वडी दिली, चहा दिला. काकांच्या टेबलाखाली काळू होता आणि त्याच्यामागे अंधारात एक पांढरा पंजा. मी खाली वाकले नाही. तासभर बोललो. उसाचं पुस्तक छापून आलं ते मी काकांसाठी नेलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि शेवटच्या पानावर माझं नाव आहे का ते शोधलं. टोले पडले तेव्हा मी पुन्हा दचकले. पंजा जागचा हलला नाही.

गाडीची वेळ झाली म्हणून उठले. जिन्याच्या वळणावर होते तेवढ्यात मागे कडी लागली, आणि दाराआडून काकांचा बारीक आवाज आला, “गेल्या हं बाई. ये आता.”